निळ्या ड्रमचे मडगार्ड

११ जून

आज सायकल मिळाली. म्हणजे फोटो काढून झाल्यावर मिळाली. पाच उपकेंद्रांच्या आम्हा पाच सिस्टरांना शिरूरला बोलावून रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात एकेक हँडल दिलं आणि मधोमध कंपनीचे साहेब उभे राहिले. मागच्या फलकावर लिहिलं होतं, ‘डोंगराळ व दुर्गम भागातील आरोग्यसेविकांसाठी इलेक्ट्रिक माउंटन बाईक’. आमच्या मांडवगण फराट्याच्या शिवारात डोंगर म्हणाल तर शेणखताचे ढीग तेवढे आहेत.

सायकल वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू. जाड टायर, पुढे झटका खाणारा फोर्क, बटण दाबलं की मागून कुणी ढकलावं तशी पळते. पण स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही आणि मडगार्डही नाही. मी साहेबांना तसं विचारलं तर ते कौतुकानं हसले. म्हणाले, "मॅडम, प्रीमियम मॉडेलला मडगार्ड नसतात." म्हणजे जितकी महाग तितकी उघडी. यांच्यातल्या एकानं तरी पावसाळ्यात कालव्याच्या चारीच्या बांधावरून चालून दाखवावं.

परत आले तर कुशाबाई दारातच होत्या. त्या आमच्या उपकेंद्राच्या आशाताई. सायकलीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "ताई, चाकं तरी दोन दिल्यात न्हवं? मग झालं तर."

१९ जून

पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. पांढऱ्या एप्रनवर तर तो असा उठून दिसतो की विचारू नये. पुढच्या चाकाचा चिखल तोंडावर येतो तो वेगळाच. आज गिताबाईंच्या वस्तीवर पोचले तेव्हा त्यांचं कुत्रंसुद्धा मला ओळखेना.

गिताबाईंच्या सुनेसाठी मी एवढा आटापिटा करते आहे. शितलचं पहिलं बाळ गेल्या वर्षी आठव्या महिन्यात पोटातच गेलं. बीपी वाढलं होतं आणि ते कुणी मोजलंच नव्हतं. तेव्हा मी इथं नव्हते, दिवाळीत आले. आता तिला पुन्हा सातवा लागलाय आणि बीपी हळूहळू वर सरकतंय. आठवड्यातून दोनदा जायचं, स्वतःच्या हातानं मोजायचं, असं मी ठरवलंय. या खेपेला तिचं बाळ मी जाऊ देणार नाही. वस्तीपर्यंत गाडीरस्ता नाही, स्कूटी बांधावरून घसरते, त्यामुळे ही सायकल तेवढ्यापुरती उपयोगाची आहे.

गिताबाईंनी हात धरून आत नेलं, न्हाणीत पाणी दिलं, स्वतःचं जुनं लुगडं अंगावर टाकायला दिलं. मग चुलीपुढं बसवून भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. माणूस खमकं आहे, पण हात सैल. "सिस्टर, आमचं माहेरबी जाधवांचंच हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजी तुमी आमच्यातल्याच की." मी घास चावत होते. माझं आडनाव जाधव, पण जाधव काय, सगळ्या जातींत असतात. विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यांनी काही विचारलं नाही.

निघताना मात्र हसत हसत टोचलंच. "सिस्टर, सायकलीला कायतरी लावा बया. दर खेपेला फरशी पुसायला मी काय बाई ठिवू?" त्या हसल्या, मीही हसले, पण मला लागलं. दुसऱ्याच्या घरात चिखल घेऊन जायची माझी रीत नाही.

२४ जून

विनोदनं ऑनलाइन मागवलेले मडगार्ड आले. विनोद म्हणजे आमचे अहो. दौंडला रेल्वेत वॅगन फिटर, सुट्टीच्या दिवशी इकडे येतो. खोक्यातून हाताच्या पंजाएवढे दोन काळे तुकडे निघाले. विनोदनं ते उचलून उजेडात धरले आणि म्हणाला, "हे मडगार्ड न्हाई, हा सायकलीचा लंगोट हाय."

तरी बसवले. पुढचा फोर्कखाली बांधला, मागचा सीटच्या दांडीला अडकवला. आरोग्य केंद्राच्या मीटिंगला जाऊन आले तेवढ्यात मागचा तुकडा वाकडा होऊन शेजारच्याकडे बघायला लागला. पाठीवर पट्टा होताच, फक्त आता तो थोडा डावीकडे होता.

१ जुलै

दौंडच्या बाजारातून विनोदनं साध्या सायकलीचे पत्र्याचे मडगार्ड आणले. ते अरुंद, टायर जाड. टायरवर ठेवले तर मोठ्या माणसाला पोराची टोपी घातल्यासारखे दिसतात. शिवाय पत्र्याच्या काड्या अडकवायला सायकलीला भोकंच नाहीत. विनोद ड्रिल घेऊन उठला. मी म्हटलं, भोक पाडायचं नाही, ही सायकल माझी नाही, कंपनीची आहे, आणि आत बॅटरीची वायर कुठून जाते देव जाणे. तो म्हणाला, "देव न्हाई जानत, मीच जानतो." पण ड्रिल खाली ठेवलं.

दुसरी अडचण त्याला स्वतःलाच कळली. पुढचा फोर्क झटक्याला खाली-वर होतो. खालच्या टोकाला मडगार्ड पक्का केला आणि वर हलणाऱ्या जागी बांधला तर पहिल्याच खड्ड्यात काडी चाकात जाईल. दुपारभर तो सायकल उलटी करून तिच्यापुढं मांडी घालून बसला होता. मी जेवायला तीनदा हाक मारली. शेवटी ताट तिथंच नेऊन दिलं.

शितल आज जरा सुजलेली वाटली. पाय दाबून बघितले, बोट लावलं की खळगा पडतो. गिताबाईंना म्हटलं, लोणचं-पापड बंद करा तिचं. त्या म्हणाल्या, "लोणचं न्हाई तर काय, पोटुशी बाई जेवनार कशी?" यावरून आमची थोडी वाजली.

६ जुलै

झालं एकदाचं. विनोद ड्रम घेऊनच आला. पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा ड्रम असतो ना, तसला, बूड फुटलेला. ड्रमचं अंग आधीच गोल असतं, चाकावर आपोआप बसतं, हे याच्या डोक्यात आलं आणि मग माणूस थांबेना. करवतीचं पातं गरम करून लांब पट्ट्या कापल्या, कडा कानशीनं घासल्या, हात फिरवून बघितल्या. बांधायला पाइपाचे क्लिप, आणि क्लिपखाली जुन्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे कंपनीच्या सायकलीला ओरखडा नको. पुढचा मडगार्ड फोर्कच्या खालच्या भागालाच धरला, चाक उडालं की तोही उडतो. मागचा पार टायरच्या खालपर्यंत, शिवाय टोकाला रबराची झालर. टायर आणि मडगार्ड यांच्यात बरोब्बर दोन बोटं.

कुशाबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "फट वाढवा जराशी. आमच्याकडं काळी माती, पावसाळ्यात लोक मडगार्ड काढून ठिवत्यात, नायतर चाक जाम हुतं." विनोदला कुणी शिकवलेलं आवडत नाही. "आक्का, वॅगनी बांधतो मी," म्हणाला.

निळा रंग उन्हात नुसता चमकतो. विनोदला म्हटलं, दिसतंय छान. तो म्हणाला, "शेडमधी काळा ड्रमबी व्हता. काळा तापतो, वाकतो. निळा बरा." मग कपडे झटकत उठला आणि सायकलीकडे तोंड करूनच चहा पीत बसला. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्यासाठी कुणी एवढं मन लावून काही केलेलं मला आठवत नाही. तसं त्याला म्हटलं नाही. डोक्यावर चढून बसतो.

१० जुलै

पाठ कोरडी. एप्रन पांढरा. मी वस्तीवर पोचेपर्यंत दोनदा हात मागे नेऊन बघितलं.

वाटेत चारीच्या पुलावर मच्छिंद्र आबा शेळ्या घेऊन बसले होते. रोज बसतात, रोज नुसतं बघतात. आज उठून उभे राहिले. "जय भीम, बाई."

मीही जय भीम म्हटलं.

"म्हंजी आपल्यातल्या हायसा व्हय? दिवाळीपासनं येताय-जाताय, कवा बोलला न्हाईसा. लांबनं निळं दिसलं तवा म्हणलं, बघावं."

मी हसून म्हटलं, "आबा, ड्रम आहे तो."

"ड्रम का असंना," आबा म्हणाले. बरं वाटलं. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. तिथं सगळे एकाच नळावर भांडत मोठे झालो, कुणी कुणाला ‘आपल्यातलं’ म्हणून शोधत बसत नव्हतं. विनोद केंदूरचा, तो म्हणतो तू कॉलनीतली, तुला गाव कळत नाही. पण आबांचा जय भीम मला कळला. पलीकडच्या कडेला गिताबाईंचे मालक सोपानराव पाण्याची मोटार चालू करत होते. मी हात केला. त्यांचं लक्ष असावं, पण हात केला नाही, कामात होते.

वस्तीवर गिताबाई ओट्यावरच भेटल्या. आत पसारा पडलाय म्हणाल्या. मग ओट्यावरच शितलचं बीपी घेतलं. आज मी इतकी स्वच्छ होते आणि आजच यांना पसारा पडायचा होता.

१४ जुलै

पुन्हा ओट्यावरच. म्हणे आत पाव्हणे झोपलेत. चहा कागदी कपातून आला. मला बरंच वाटलं, मागच्या महिन्यात कावीळ निघाली तेव्हा मीच घरोघर सांगत फिरले होते की भांडी उकळा नाहीतर कागदी कप वापरा. कुणीतरी ऐकतंय म्हणायचं.

पण गिताबाई नीट बोलत नाहीत. लोणच्यावरून मी जास्तच बोलले असेन. माझी जीभ अशीच आहे, तोंडातून गेलं की गेलं. सासूला सुनेसमोर बोलायला नको होतं.

१८ जुलै

बीपी एकशेचाळीस-नव्वद. मला तिला आडवं करून पोट बघायचं होतं, बाळाचे ठोके घ्यायचे होते. म्हटलं, आत कॉटवर झोपवते. गिताबाई म्हणाल्या, "गोठ्यात बाज हाय की. तिथं वारं लागतं." शितल सासूला म्हणाली, "आत्या, आत या म्हणा ना त्यांना." गिताबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की पोरगी उठून गोठ्याकडं निघाली.

गोठ्यात म्हशीच्या शेजारी बाळाचे ठोके ऐकले. ठोके चांगले आहेत. मी सांगितलं, बाळंतपण घरी नाही, छोट्या दवाखान्यात नाही, मोठ्या ठिकाणीच करायचं आणि दर तीन दिवसांनी मी येणार. गिताबाई नुसत्या हं म्हणाल्या. माहेरची सुईण आणायचा त्यांचा विचार असेल आणि मी मोडता घातला म्हणून राग असेल.

हे सगळं फोनवर विनोदला सांगितलं. तो म्हणाला, "तुला खरंच कळत न्हाई, का कळूनच घ्यायचं न्हाई?"

मी म्हटलं, "तुला सगळीकडं एकच दिसतं. माणसं आपल्या कारणांनीही रुसतात." त्यानं फोन ठेवला. माझंच खरं आहे. मेथीची भाजी वाढणारी बाई महिन्यात बदलते का?

२४ जुलै

बदलते.

आज गिताबाई वस्तीच्या वाटेवरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमी कशाला तरास घेता येवढा? आशाताई येत्यात की मोजाया." मशीन कुशाबाईंना चालवता येतं, पण त्यांना आकडा सांगायचं धैर्य नाही. घरच्यांनी डोळे वटारले की त्यांचं मशीन नॉर्मल दाखवतं. मी तसंच म्हटलं. गिताबाई म्हणाल्या, "आमी बघतो आमचं," आणि पाठ फिरवून गेल्या.

उपकेंद्रात आल्यावर कुशाबाईंना धरलं. त्या गिताबाईंच्याच भावकीतल्या. आधी नको नको म्हणाल्या, मग भिंतीकडं बघत बोलल्या.

"ताई, त्या सायकलीला ते निळं कशापायी लावलं?"

"ड्रम निळाच असतो, कुशाबाई."

"ते मला कळतं ओ. मी बघितलाय ड्रम. पर लोकांला ड्रम दिसत न्हाई." मग पदरानं तोंड पुसलं. "सोपानतात्यांनी पुलावर तुमचं जय भीम ऐकलं. घरी यिऊन म्हणाले, ती बाई चुलीपुढं बसत व्हती. गिताबाईनं त्या दिशी चूल सारवली, भांडी घासाया काढली. तुमचं ते लुगडं व्हतं ना, अंगावर घेतलेलं, ते बी टाकलं. मी म्हणलं आसं नगा करू. मला म्हणल्या, तू तुजं बघ."

कुशाबाईंना चहा केला. त्यांनी घेतला, स्टीलच्या पेल्यातून घेतला, तेवढं बघण्याइतकी मी आता शहाणी झाले.

२५ जुलै

मला वाटत होतं, मी चिखलाला लाजते आहे. चिखल होता तोवर मी आत होते.

२७ जुलै

आज गावातल्या दुकानातून काळा ऑइलपेंट आणला आणि दोन्ही मडगार्ड रंगवले. हे मी कुणासमोर कबूल करणार नाही, म्हणून इथं लिहिते. विनोदला तर नाहीच. ब्रश जोरजोरात फिरवत होते. रागानं की लाजेनं, मला ठरवता आलं नाही.

स्वतःला म्हणत राहिले, शितलसाठी करते आहे. हे खरं आहे. पण एकदा कळलेलं रंगानं कसं पुसेल, एवढी साधी गोष्टही मला कळत होती. मग मी हे कुणासाठी केलं? चारीच्या वाटेवर लांबून मला बघणाऱ्या लोकांनी बघू नये म्हणून केलं. माझ्या बापानं दौंडच्या चौकात जयंतीचा झेंडा पंचवीस वर्षं स्वतःच्या हातानं उभा केला. त्याची पोरगी निळ्यावर काळा रंग मारते.

३० जुलै

ड्रमच्या प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. मला हे माहीत नव्हतं, विनोदला नक्की माहीत असणार. एका पावसात आणि दोन फेऱ्यांत पापुद्रे सुटले. आता मडगार्ड अर्धे काळे, अर्धे निळे, खरूज झालेल्या कुत्र्यासारखे. पुलावर मच्छिंद्र आबांनी बघितलं. जय भीम म्हणाले, जरा वेळानं म्हणाले.

वस्तीवर कुणी दारात आलं नाही. आतून आवाज आला, शितल झोपलीया. कुशाबाईंच्या वहीत कालचं बीपी नॉर्मल आहे. मी डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले, नॉर्मल आहे ना, मग काय.

५ ऑगस्ट

सकाळी शितलचाच फोन आला. हळू आवाजात, न्हाणीतून बोलत असावी. "सिस्टर, डोकं लई दुखतंय. डोळ्यापुढं काजवे दिसत्यात." मी मशीन पिशवीत टाकलं आणि सायकल काढली. ही झटके यायच्या आधीची लक्षणं. मी वाटेतूनच रुग्णवाहिकेला फोन केला. ते म्हणाले, गाडी पुलापर्यंत येईल, पुढं चिखलात येणार नाही.

गिताबाई अंगणात आडव्या आल्या. शितलचा नवरा गोकुळ रांजणगावला ड्युटीवर, सोपानराव जीप घेऊन शिरूरला. "रातीचं जागरण झालंय तिला, झोपंल जरा," म्हणाल्या. मी म्हटलं, "गिताबाई, मी आत येत नाही. तुमच्या उंबऱ्याला हात लावत नाही. तिला बाहेर बोलवा, मी इथं उभी राहून मोजते." हे वाक्य मी बोलले. मलाच ऐकू आलं ते.

शितल स्वतःच आली, भिंतीला धरत. अंगणात खाली बसवून मोजलं. एकशेसत्तर-एकशेदहा. मी गिताबाईंना आकडा सांगितला, गेल्या वर्षीचं बाळ सांगितलं, आज आई पण जाईल हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोकुळला येऊ द्या." दारातून आत येणाऱ्या बाईचं ऐकतात, अंगणातल्या बाईचं कोण ऐकणार.

शितल उठली. "मी जाते," म्हणाली. एवढंच. चपलाही घातल्या नाहीत.

मी सायकलीच्या सीटवर तिला एका बाजूनं बसवलं, एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं हँडल, आणि ढकलत निघाले. मागून गिताबाईंचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. अर्ध्या वाटेवर चाक फिरेना. दोन बोटांच्या फटीत काळी माती ठासून बसली होती, चाक आणि मडगार्ड एक झाले होते. काडीनं उकरून बघितलं, निघेना. शितल म्हणाली, "सिस्टर, मला अंधारल्यागत होतंय." मी मडगार्डला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. क्लिप तुटली, हात कापला, पट्टी निघाली. मागचाही तसाच काढला. दोन्ही उसात फेकले.

मग चाक फिरलं. पुलावर गाडी उभी होती. आतल्या डॉक्टरनं झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि आम्ही दौंडला निघालो. माझ्या हातांवरून, तोंडावरून, एप्रनवरून चिखल ओघळत होता. शितलनं माझा हात सोडला नाही.

७ ऑगस्ट

सिझेरियन झालं. मुलगा. वजन दोन किलो शंभर, काचेच्या पेटीत आहे. आई शुद्धीवर आली. मी व्हरांड्यात बसून रडले, नर्सनं रडू नये असं म्हणतात, म्हणू देत.

गोकुळ धावत आला होता. त्यानं माझ्यापुढं हात जोडले, बोलता येईना त्याला. ते खरं होतं, मी ते खोटं म्हणणार नाही. सोपानराव मागून आले आणि डॉक्टरांशी बोलले. माझ्याकडं बघून मान हलवली. आज कुशाबाई सांगत होत्या, गावात ते सांगतात की जीपनं आपणच नेलं.

१२ ऑगस्ट

दौंडला घरी गेले. दोन दिवसांची रजा. सासूबाई बुद्धविहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. विनोदनं सायकलीचं विचारलं. मी सगळं सांगितलं, चिखल, चाक, ऊस. तो ऐकत होता. मग त्यानं पिशवीतून निळ्या-काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा काढून माझ्यापुढं ठेवला. मडगार्ड उसात फेकल्याचं मी फोनवर त्याला आधीच सांगितलं होतं, सकाळी तो मांडवगणला जाऊन पट्ट्या शोधून आला होता.

"हा काळा रंग कुणी मारला?"

मी तुकडा पालथा करून ठेवला.

"अडकलं म्हणून काढलंस, का निळं म्हणून?"

"अडकलं म्हणून."

"आन् रंग?"

मी म्हटलं, "तू काळा ड्रम का घेतला नाहीस? शेडमध्ये होता ना?"

"व्हता."

"मग?"

"मला वाटलं, तुला आवडंल." आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर मला भांडता आलं असतं. तो तुकडा उचलून बाहेर गेला आणि सासूबाई परत आल्या तरी आला नाही.

मी खरं काय ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. शितल जगली, बाळ जगलं, आणि माझ्या घरात मला तोंड वर करून बसता येईना.

२ सप्टेंबर

बाळ घरी आल्यावरची माझी पहिली भेट. सायकलीला आता काहीच नाही. पाठीवर पुन्हा कमरेपासून मानेपर्यंत पट्टा. चिखल पुसायला कुणी पाणी दिलं नाही, मी मागितलं नाही.

शितलच बाळ घेऊन अंगणात आली. गिताबाई दारातून म्हणाल्या, "बाहेर वारं हाय." शितल म्हणाली, "असू द्या," आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. त्याच्या कपाळाला तीट, डोळ्यांत काजळ, अंगाला नुकत्याच अंघोळीचा, पावडरीचा वास. बेंबी सुकली होती. श्वास छान. झोळीच्या काट्यावर दोन किलो सहाशे. त्यानं माझं बोट धरून ठेवलं, या वयात सगळीच धरतात, पण मी थोडा वेळ सोडवलं नाही.

गिताबाई घ्यायला आल्या. मी बाळ पुढं केलं. त्यांनी हात पुढं केले नाहीत, शितलकडं बघितलं. शितलनं बाळ माझ्याकडून घेतलं, मग त्यांनी ते शितलकडून घेतलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि बाळ रडायला लागलं. शितल खाली बघत शालीचा धागा ओढत बसली. मी काटा पिशवीत भरत होते. दोघींनीही ऐकलं.

पुढच्या खेपेला बाळाला हात लावायचा नाही. झोळीत शितलच ठेवेल, मी लांबून काटा वाचेन. एवढ्याशा जीवाला दिवसातून दोनदा पाणी घातलं तर तो आजारी पडेल.